तीन मोजून

मंडईच्या दुसऱ्या रात्री नाटक झालंच नाही.
कंपनीचा इसार गावानं भरला नव्हता.
मग हायस्कुलातल्या कोहळे सरांनी
पेनड्राइव्हमधून एक जुना सिनेमा आणला,
काळापांढरा, परक्या भाषेतला,
त्यात एक उतरलेला विनोदी नट.
पडदा म्हणजे लग्नाच्या मांडवातलं छत,
मध्ये हळदीचा एक डाग, तो शेवटपर्यंत
कधी चंद्र झाला, कधी कुणाच्या गालावरचा तीळ.

नाटकासाठी खणलेल्या खड्ड्यात
तणीस अंथरून बसलो.
माझ्या डावीकडं मन्साराम दोनाडकर,
अंगावर घोंगडी, गालात खर्रा.

चाळीस हंगाम मी विंगेत काढले,
वही मांडीवर, बॅटरी दातात,
याला वाक्यं पुरवत.
याला वाक्य लागायचंच नाही.
हा नुसता आला, धोतराचा सोगा
खुर्चीच्या खिळ्यात अडकला
की वडश्यापासून सिंदेवाहीपर्यंत
अख्खा खड्डा उकळी फुटल्यासारखा.
(खिळा मीच ठोकायचो, रोज,
खुर्चीच्या डाव्या पायाला, वीतभर उंच.)

मग एका वर्षी सोगा अडकला
आणि कुणी हसलं नाही.
पोरं मोबाइलच्या उजेडात बसली होती
त्या नव्या पोराची वाट बघत,
जो माईक तोंडात घालून
मेहुणीवरून बोलायचा.
मन्साराम थांबला. मी वाक्य दिलं.
ते त्याला ऐकू गेलं, मला ठाऊक आहे.
त्यानं सोगा सोडवला, सावकाश,
जसा काही तो खरंच अडकला होता,
आणि विंगेत येऊन म्हणाला,
"खिरा काढून घे गा. कोनाच्या पायाले लागन."

पडद्यावरच्या माणसाजवळ छत्री होती.
जन्मभर ती उलटीच उघडली होती
आणि तेवढ्यावर त्याचं पोट भरलं होतं.
त्या रात्री, ओळीनं रिकाम्या खुर्च्यांपुढं,
ती सुलट उघडली.
गोल, नीट, एकही काडी न मोडता.
तो तिच्याखाली उभा राहिला,
कोरड्या स्टेजवर.

खड्डा गप्प.
सिंधूबाईनं पदर डोळ्याला लावला,
कोहळे सर उगीच खाकरले.
मला वाटलं, आता डावीकडं बघू नये.
आंघोळीच्या न्हाणीवरून जाताना
मान जशी आपोआप फिरते, तशी फिरवली.

तेवढ्यात हा हसला.
मोठ्यानं, खर्रा घशात जाईस्तोवर.
माना वळल्या. बुढा चळला, कुणीतरी म्हणालं.
"तीन मोजले त्यानं,"
कोपरानं ढोसत मला सांगू लागला,
"वर पाह्याच्या आधी. पायलं का गा?
आपन दोनच मोजत होतो.
जिंदगीभर दोनच!"

पुढचा सिनेमा मला नीट आठवत नाही.
एक पत्र होतं, एक आगगाडी,
कुणी कुणाला हात केला.
पहिल्यांदाच समोर खेळ चालला होता
आणि माझ्या मांडीवर वही नव्हती.

परतताना धुऱ्यानं निघालो.
कापलेल्या धानाची थुटं चपलेत टोचत होती,
बोडीकडून गारवा येत होता.
मधेच थांबला. "बॅटरी धर," म्हणाला.
मी पायाशी धरली.
"तेथी नाही. तोंडावर."

मग काखेतली काठी काढली,
झटकली,
आणि उघडली.
काठी उघडत नाही, मला कळतं.
पण उघडली, सुलट, गोल,
आणि हा तिच्याखाली उभा,
खालच्या उजेडात नाक तेवढं मोठं,
डोळे अजून समोर, वर गेलेले नाहीत.
एक.
दोन.

मला आवरलं नाही.

"घाई केली गा तू," म्हणाला,
काठी मिटत, दोन पावलं मागं सरत.
"चाल. पुन्हा धर."